सव्वाशेपट झूमचा हिशेब

निकॉन या जपानी कंपनीने २०१८ साली ‘कूलपिक्स पी१०००’ नावाचा जो ब्रिज कॅमेरा बाजारात आणला, त्यात भिंग न बदलता सव्वाशेपट झूम साधतो, हे ऐकून पुष्कळांना ती जादू वाटते. वस्तुतः तो निव्वळ हिशेब आहे. जाहिरातीत झळकणारे ३००० मिलिमीटर हे नाभीय अंतर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने सांगितलेले असून प्रत्यक्षातले अंतर ५३९ मिलिमीटरच आहे. उरलेली मजल मारतो तो जेमतेम ६ मिलिमीटर रुंदीचा सेन्सर. एवढ्याशा पटलावर दृश्याचा अत्यल्प अंशच पडत असल्यामुळे तोच अंश छायाचित्रात विशाल होऊन प्रकटतो. फिल्मच्या आकाराच्या सेन्सरसाठी इतक्याच पल्ल्याचे आणि एफ ८ छिद्रमानाचे भिंग घडवायचे म्हटले, तर त्याची पुढची काच सव्वा फूट व्यासाची करावी लागेल. हा कॅमेरा मात्र सुमारे १४०० ग्रॅम वजनात सारा कारभार उरकतो.

या सवलतीची वसुली प्रकाशातून होते. पूर्ण झूमवर छिद्रमान एफ ८ वर येते, चिमुकल्या सेन्सरला उजेड अपुरा पडतो, आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा तर चित्र रवाळ होते. चंद्रबिंब चौकटीच्या उंचीत पुरते मावतही नाही; तिवई कितीही पक्की रोवली तरी दोनच मिनिटांत ते बाहेर सरकते. हाताचा कंप आवरणारी यंत्रणा आत आहे खरी, पण पृथ्वीचे परिवलन तिच्या अखत्यारीत येत नाही!

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, तेथे या यंत्राची खरी परीक्षा होते. इतक्या अरुंद दृश्यात उडता पक्षी हरवतोच. अशा वेळी भिंगाच्या कडेचे बटण दाबून धरावे, दृश्य तात्पुरते रुंदावते, पक्षी गवसला की बोट उचलावे, झूम पूर्वस्थितीवर येतो. ही तजवीज मला सव्वाशेपट झूमपेक्षाही अधिक मोलाची वाटते. दुपारी मात्र तापलेली हवाच लहरू लागते, तिच्यावर कोणत्याही भिंगाची मात्रा चालत नाही. म्हणून सकाळीच जावे, आणि डिजिटल झूम बंदच ठेवावा, कारण तो टिपलेले ठिपके फुगवण्यापलीकडे काही करीत नाही.

दूरच्या पक्ष्याची ओळख पटवावयाची असेल त्यांनी हा कॅमेरा जरूर घ्यावा. दिवाणखान्यात भिंतभर चित्र लावण्याची हौस असेल त्यांनी मोठ्या सेन्सरचाच विचार करावा.