खालचे जाळे, वरचे जाळे



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या माळेगाव बुद्रुकमध्ये आपले मनःपूर्वक स्वागत. साथीच्या गणिताची परिषद उसाच्या गावात कशाला, असे एकदोघांनी विचारलेच. पण हे गणित आपल्याला परके नाही. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली मांडलेली साथीच्या प्रसाराची समीकरणे ताडून पाहिली, ती मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगबळींच्या आकड्यांवर. त्यांच्या आलेखातले ठिपके ही आपलीच माणसे.

त्या समीकरणांत माणसे एकमेकांना भेटतात, पण कुणी कुणाला काही सांगत नाही. ती उणीव भरायला पुढे बराच काळ गेला. ग्रानेल, गोमेझ आणि अरेनास यांनी २०१३ मध्ये त्याच माणसांची दोन जाळी एकावर एक मांडली. खालच्या जाळ्यातून रोग जातो, वरच्यातून खबर. सावध माणसे वाढली की साथ भडकण्याचा उंबरठा वर सरकतो, हे त्यातून दिसले.

माझी तक्रार एवढीच, की त्या वरच्या जाळ्यात खबर नेहमी शहाणीच असते! आमच्याकडे तसे घडले नाही. राज्यातले पहिले करोनारुग्ण पुण्यात सापडले ९ मार्च २०२० ला. कोंबडीतून करोना होतो ही आवई त्याआधीच मोबाइलवर फिरत होती. रोग यायच्या आत पोल्ट्रीवाले बुडाले.

आणि ऊसतोड टोळ्या? त्यांची खालची गाठ शेजारच्या कोपीशी, पाण्याच्या टाकीशी, उसाच्या फडाशी. वरची गाठ मात्र मुकादमाशी आणि बीडकडच्या घरच्यांशी. टाळेबंदीत राज्यभर लाखाहून अधिक तोडकरी कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. सरकारी सूचना त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी गावाकडचा फोन यायचा, आणि त्यावर पाऊल उचलले जायचे. ‘लोक ऐकत नाहीत’ हा शेरा मला म्हणूनच पटत नाही. लोक ऐकतात, कुणाचे, ते आपण मोजलेले नसते.

यंदाही गाळप सुरू झाले की टोळ्या येतील. पाहुण्यांना विनंती, आपल्या प्रारूपात मुकादमाला एक बिंदू द्या, अफवेलाही द्या, आणि आकडे जमवायला हंगामात पुन्हा या. राहण्या-जेवण्याची सोय गाव करील.