'कोर्ट': बोलणे कोणाचे, नोंद कोणाची?



आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर. त्या बाकांच्या अधिकाराने आज चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाविषयी बोलणार आहोत. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले.

कथा साधी आहे. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला भरतात. शाहिराचे काम नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केले. २०२१ साली ते गेले.

पुष्कळांची तक्रार अशी की, यात काही घडतच नाही. नुसते बोलणे चालते. आमचे म्हणणे, तेच तर घडते! साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो. न्यायाधीश ते आपल्या शब्दांत लेखनिकाला सांगतात, आणि टंकलिखित होते ते दुसरेच. सरकारी वकील बाई कायद्याची कलमे एका सुरात वाचत जातात. या बाई दुष्ट नाहीत. घरी जाऊन त्या स्वयंपाक करतात, मुलांचे पाहतात. दिग्दर्शकाने कोणालाही खलनायक केलेले नाही. कॅमेरा दूर, स्थिर उभा राहतो आणि आपल्याला ऐकायला लावतो.

मग मृताची विधवा साक्षीला येते. ती रडत नाही, भाषण करीत नाही. गटारातून झुरळ बाहेर आले, तर आत हवा आहे असे समजून नवरा उतरत असे, एवढे ती सांगते. संरक्षणाचे साधन नव्हते, विषारी वायूने एक डोळा गेला होता, वास सहन व्हावा म्हणून तो दारू पीत असे. या चार उत्तरांत आत्महत्येचा आरोप ढासळतो. पुढे बचावाचे वकील तिला पैसे देऊ करतात, तेव्हा ती काम मागते. मित्रहो, कामगाराच्या स्वाभिमानाचे याहून थोडक्यात दर्शन आम्ही पाहिलेले नाही.

कायदे नाहीत असे नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरविण्यास बंदी केली. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख ठरविली. पण त्या भरपाईसाठी मृत्यू कामामुळे झाला, अशी नोंद आधी कागदावर यावी लागते. नोंद चुकली की कायदा मुका होतो.

म्हणून आम्ही आमच्या सभासदांना सांगतो: हा चित्रपट पाहा, आणि साक्षीनंतर आपले म्हणणे कागदावर काय उतरले, ते वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. आपणा नागरिकांना विनंती एवढीच की, रस्त्यावरचे झाकण उघडे दिसले, तर क्षणभर थांबा आणि आत कोण उतरले आहे, ते विचारा.