पगार बंद झाला तर कॉलेजला कळवा



आज बोलायचंय ते अमेरिकेत कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या पैशांबद्दल. मोटेल, गोदाम, गॅस स्टेशन, हॉटेलचं किचन, तुम्ही कुठंही राबत असा, पण हे नीट ऐका. कारण काम गेलं की पहिली कुऱ्हाड पोरांच्या शिक्षणावर पडते.

फाफ्साचा फॉर्म आजची कमाई बघत नाही. 2026-27 या वर्षासाठी तो 2024 चं उत्पन्न धरतो. समजा, तेव्हा ओव्हरटाइम धरून तुम्ही 52 हजार डॉलर कमावले आणि 2026 च्या मार्चमध्ये गोदामाला टाळं लागलं. आज घरात पगार नाही, पण कागदावर तुम्ही 52 हजारवालेच! त्याच आकड्यांवरून स्टुडंट एड इंडेक्स काढतात आणि पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, त्यावरच ठरते.

मग पोरीला कॉलेज सोडायला सांगायचं का? नाही. आधी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कळवायचं. फॉर्ममधले आकडे बदलायचा अधिकार कायद्यानं त्यांना दिलाय. त्याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. 'आम्ही असले अर्ज घेतच नाही' असं कॉलेजला सरसकट म्हणता येत नाही. प्रत्येक अर्ज वेगळा बघावा लागतो. मात्र मंजुरीची हमी नाही, आणि त्यांच्या निर्णयावर केंद्राच्या शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. म्हणून अर्ज पक्का हवा.

कारणं दोन प्रकारची असतात. पहिलं पैशांचं: नोकरी गेली, तास कमी झाले, कमावतं माणूस वारलं, विम्यात न बसणारा दवाखान्याचा मोठा खर्च आला. दुसरं नात्याचं: घरात मारहाण आहे, आईबाप तुरुंगात आहेत किंवा मुलाला टाकून गेलेत. अशा मुलाला आईबापांच्या माहितीशिवाय मदत मिळू शकते. पण 'वडील फी भरत नाहीत' एवढंच कारण पुरत नाही. रोजचा घरखर्च, क्रेडिट कार्डाचे हप्ते, हेही सहसा धरत नाहीत.

कागद कोणते? कामावरून काढल्याचं पत्र, शेवटची पे-स्टब, बेरोजगार भत्त्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, मृत्यूचा दाखला. मालक पत्र देत नसेल तर अडून बसू नका. त्याच्याऐवजी काय चालेल, हे ऑफिसला विचारा. आणि खोटा कागद कधीच जोडू नका, तो गुन्हा आहे.

पत्र मुलानं लिहावं, साधं आणि छोटं: 'माझ्या वडिलांची नोकरी अमुक तारखेला गेली. 2024 मध्ये घरचं उत्पन्न इतकं होतं, यंदा इतकंच होईल. सोबत कागद जोडले आहेत. माझ्या मदतीचा फेरविचार व्हावा.' बस्स. रडगाणं नको, तारखा आणि आकडे हवेत. बऱ्याच कॉलेजांचा यासाठी वेगळा फॉर्म असतो, तो आधी मागून घ्या. दोन-तीन कॉलेजांत प्रवेशाचा विचार असेल तर प्रत्येकाकडे वेगळा अर्ज करा. एकानं मान्य केलं म्हणून दुसऱ्यावर ते बंधन नाही. वर्ष सुरू झाल्यावर काम गेलं तरी विचारा.

आता व्हिसाचं. मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डवालं असेल तर आईबापांचा व्हिसा कोणता, यानं त्याचा हक्क जात नाही. एच-4 वरच्या मुलाला मात्र केंद्राची मदत मिळत नाही, आणि या अर्जानं ते बदलत नाही. त्यानं कॉलेजच्या स्वतःच्या मदतीबद्दल विचारावं.

फाफ्सा भरायला पैसे लागत नाहीत. शंभर-दोनशे डॉलर मागणारा एजंट भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

आणि लाजू नका. ही भीक नाही, कायद्यानं ठेवलेली सोय आहे. पण तुमचं काम गेलं, हे तुम्ही सांगितल्याशिवाय ऑफिसला कळणार कसं? घरी जाऊन आज शेवटची पे-स्टब शोधून ठेवा आणि उद्या पोराला ऑफिसला ईमेल करायला सांगा.