मधल्या हातातली मजुरी



तेंदूपत्त्याच्या हंगामात एखाद्या संध्याकाळी आपल्याकडच्या फळीवर जाऊन उभे राहा. रानातून पाने तोडून आणलेली, घरी बसून 70 पानांचा एकेक पुडा बांधलेली एखादी आजी तिथे पुडे मांडत असते. तिला अक्षरओळख नसेल, पण मुनशीने दोन पुडे कमी मोजले की ती लगेच म्हणते, "पुन्हा मोजा जी." तिचा माल तिच्या डोळ्यांसमोर मोजला जातो, म्हणून तिला फसवणे सोपे नसते.

आता तिचा नातू पाहा. तो बारावी शिकला आहे आणि चंद्रपूरकडे एका मोठ्या कारखान्यात कामाला जातो. मात्र तो कारखान्याचा नोकर नव्हे, माणसे पुरविणाऱ्या एजन्सीचा. त्याला विचारा, "बाबू, तुझा रोज किती?" तो म्हणेल, "बँकेत येतात तेवढे येतात जी." निरक्षर आजीला हिशेब ठाऊक आणि शिकलेल्या नातवाला नाही, असे का व्हावे? कारण त्याची मजुरी मोजली जाते ती त्याच्या पाठीमागे.

म्हणून आज आपण हा हिशेब उघड करून पाहू. घरी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा.

वीज केंद्र, कोळसा खाण, सिमेंट कारखाना किंवा सरकारी कचेरी, ज्याचे काम असते तो मूळ मालक. तो एजन्सीला दरमहा बिलाचे पैसे देतो. त्या बिलात मजुराची मजुरी, मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा हे सारे धरलेले असते आणि वर एजन्सीचा आकार असतो. म्हणजे एजन्सी आपल्या खिशातून मजुरी देते असे नव्हे. मजुराच्या नावाने आलेले पैसे ती पुढे पोचविते. पोचविण्याबद्दल तिला वेगळा आकार मिळतोच.

हिशेबापुरते समजा, रोज 500 रुपये आणि महिन्याचे 26 दिवस. मजुरी झाली 13,000 रुपये. त्यातून मजुराच्या वाट्याचा निधी शेकडा 12 प्रमाणे 1,560 रुपये आणि विमा शेकडा पाऊण प्रमाणे 98 रुपये कापला जाईल. पुरुष असेल तर व्यवसाय कराचे आणखी 200. हातात यावेत 11,142 रुपये. मालकाच्या बाजूने आणखी 1,560 रुपये निधी आणि 423 रुपये विमा भरला गेला पाहिजे. तो मजुराच्या मजुरीतून कापता येत नाही. निधीच्या पासबुकात मालकाचे 477 रुपयेच दिसले तर घाबरू नका. उरलेले 1,083 पेन्शनच्या रकान्यात असतात.

गळती होते ती तीन जागी. पहिली हजेरीत: काम 26 दिवस, मांडले 22. दुसरी कपातीत: दोन्ही वाटे मजुराच्याच माथी, किंवा कापलेले पैसे निधीत भरलेच नाहीत. तिसरी सर्वांत वाईट. खात्यात पूर्ण पगार येतो, आणि मग मुकादम हळूच म्हणतो, "दोन हजार परत आणून दे, नाहीतर उद्या येऊ नको." कागद स्वच्छ आणि मजूर रिकामा! एटीएमचे कार्ड आणि त्याचा आकडा म्हणूनच कोणाच्याही हाती देऊ नये.

कंत्राटी कामगारांसाठी 1970 साली कायदा झाला होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या आहेत. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे, जादा कामाला दुप्पट दर पाहिजे आणि पगाराची चिठ्ठी दिली पाहिजे. एजन्सीने पैसे बुडविले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ही शेवटची गोष्ट गाठीला बांधून ठेवा. "एजन्सी पळाली, आम्ही काय करणार?" हे उत्तर कायद्याला मान्य नाही. दाद मागायला चंद्रपूरला कामगार आयुक्तांची कचेरी आहे. काम खाणीतले असेल तर केंद्र सरकारच्या कामगार आयुक्तांकडे जावे लागते.

गुरुजी आणि बाई, इथे तुमची गरज आहे. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या ओट्यावर बसा. मुलांना एक वही करायला सांगा. रोज तारीख, कामाचे तास आणि मुकादमाचे नाव लिहायचे. महिनाअखेर ती वही, पगाराची चिठ्ठी आणि निधीचे पासबुक शेजारी शेजारी ठेवायचे. शेकडेवारीचे गणित तुम्ही वर्गात शिकविताच. तेच इथे कामी येते. आणि एकट्याला कचेरीत पाठवू नका. एकटा गेला तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाण्याची भीती असते. वीस जण गेले तर त्यांचे ऐकावे लागते.

मधला हात आपल्या मुलखाला नवा नाही. जंगलतोडीतला ठेकेदार दूर व्हावा म्हणून जुन्या मुंबई राज्यात 1947 पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने 2009 साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला, 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू आपण विकला. हिशेब ग्रामसभेत सर्वांसमोर आला.

कारखान्यात ग्रामसभा नाही, हे खरे. तिथला मधला हात आज-उद्या जाईल असेही मी म्हणत नाही. पण त्या हातात किती आले आणि त्यातून किती निघाले, एवढे तर मोजता येईल ना? आजी फळीवर पुडे मोजते, तसे नातवाने आपले दिवस मोजावेत, आणि कमी भरले तर तिच्यासारखेच न भिता म्हणावे, "पुन्हा मोजा जी."