किरणोपचारानंतरचे दिवस





किती रुग्णांवर उपचार झाले आणि त्यासाठी किती खर्च आला, हे अहवालात आकड्यांनी मांडता येते. उपचार संपवून घरी गेलेल्या रुग्णाचे पुढील दिवस कसे जातात, हे मात्र कोणत्याही ताळेबंदात उमटत नाही. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

हा रोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना आढळल्यास आशेला भक्कम आधार असतो. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' या अभ्यासात अशा १,६४३ पुरुषांची सुमारे १५ वर्षे पाहणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ४५ जण, म्हणजे ३ टक्क्यांहून कमी, या कर्करोगाने दगावले. आयुष्याची वर्षे पुढे असल्यामुळेच ती कशी जगता येतील, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

प्रोस्टेटच्या वर मूत्राशय आणि मागे गुदाशय असतो. कितीही काळजी घेतली तरी किरणांचा काही अंश तेथे पोहोचतोच. उपचारांच्या काळात वारंवार लघवीला होणे, जळजळ, पातळ शौच आणि थकवा हे त्रास संभवतात. बहुधा ते काही आठवड्यांत ओसरतात. काही त्रास मात्र महिन्यांनी, क्वचित वर्षांनी डोके वर काढतात: शौचावाटे वा लघवीतून रक्त जाणे, लघवीची घाई, वैवाहिक जीवनातील अडचण.

रुग्ण हे बोलून दाखवत नाहीत. वाटेत लघवीची सोय होईल की नाही, या धास्तीने ते एस.टी.चा प्रवास टाळतात, लग्नकार्याला जात नाहीत आणि पुढे फेरतपासणीलाही येईनासे होतात. घरची मंडळी 'वयोमानाने होतेच' असे समजून गप्प राहतात. या मौनामुळे उपाय असलेला त्रासही विनाकारण सोसला जातो.

म्हणून कुटुंबीयांना आमची विनंती आहे. रक्त दिसल्यास मूळव्याध समजून घरगुती औषध देत बसू नये. गुदाशयाची दुर्बिणीतून तपासणी ठरल्यास किरणोपचार झाल्याचे त्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तेथील तुकडा काढल्यास जखम भरून येणे कठीण होऊ शकते. लघवीच्या भीतीने पाणी तोडू नये. चहा-कॉफी कमी करावी आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत. वैवाहिक अडचणीवरही औषधे आहेत. परंतु हृदयविकारासाठी नायट्रेट वर्गातील गोळ्या चालू असताना ती घेणे धोक्याचे असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत.

देणगीदारांना यंत्राचे मोल सहज पटते आणि त्यांचे औदार्य आम्ही कृतज्ञतेने स्मरतो. त्याच ममतेने फेरतपासणीसाठी गावाहून येणाऱ्या रुग्णाचे प्रवासभाडे, समुपदेशकाचे मानधन आणि व्यायाम शिकविणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा वेळ यांसाठीही हातभार लागावा. या खर्चावर नाव कोरलेली पाटी बसविता येत नाही. परंतु बरा झालेला माणूस त्यामुळे पुन्हा निर्धास्तपणे चारचौघांत मिसळू लागतो.