नळी किती लांब असावी?



अलिबागजवळच्या थळच्या बंदरावरून खांदेरीचे बेट दिसते, उंदेरीचे दिसते. त्यांच्या भोवतालच्या समुद्राचा तळ मात्र दिसत नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी उभारायला घेतली आणि मुंबईचे इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही खवळले, ते याच पाण्यात. भारतीय नौदलाच्या २०१९ मध्ये दाखल झालेल्या पाणबुडीचे नावही ‘खांदेरी’. तरी हौशी पाणबुड्या इथे उतरत नाही, तो मालवण गाठतो. खाड्यांचा गाळ भरती-ओहोटीबरोबर इथे सतत ढवळत राहतो. पावसाळा सरल्यावर मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मात्र काही मीटरपर्यंत नजर पोचते. शेजारच्या तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे.

स्कूबाचे सामान घेताना बहुतेक जण मास्क आणि फिन्सवर तासभर घालवतात. रेग्युलेटरची नळी, म्हणजे होज, दुकानदार देईल ती घेतात.

आधी या नळीचे काम. सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बार दाबाने कोंबलेली असते. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा फर्स्ट स्टेज हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे १० बार जास्त, इतका खाली आणतो. ती हवा नळीतून तोंडातल्या सेकंड स्टेजपर्यंत येते आणि तिथे श्वासाला सोसेल अशी होते. फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये तयार केलेल्या ‘ॲक्वालंग’ या श्वसनयंत्रात ही सगळी यंत्रणा मानेमागे होती आणि तिथून दोन जाड नळ्या तोंडाशी यायच्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेड यांनी ‘पॉर्पॉइज’ हा एकनळी रेग्युलेटर बाजारात आणला. हवा सोडणारी झडप आता ओठांजवळ आली. मधल्या नळीत दाबाखालची हवा असल्याने नळी हातभर लांब केली तरी श्वास ओढायला जड जात नाही. तेव्हा लांबी ठरवायची ती माणसाकडे बघून.

माणूस म्हणजे आपणच, असे नवख्याला वाटते. नेहमीच्या रेग्युलेटरवर तोंडातली नळी २८ ते ३० इंचांची, म्हणजे ७०-७५ सेंटिमीटरची असते. ती उजव्या खांद्यावरून येते. आखूड असली की मान डावीकडे वळवताना तोंडातला मुखभाग ओढला जातो आणि तो दातांनी घट्ट धरून धरून जबडा दुखायला लागतो. जास्त लांब असली की कानाशेजारी तिची कमान बाहेर येते आणि प्रवाहात थरथरते. म्हणून पूर्ण सामान अंगावर चढवून मान दोन्ही बाजूंना वळवावी, वर बघावे. मुखभाग जागेवरून हलता कामा नये. उंच, रुंद खांद्यांच्या माणसाला आणि बारीक चणीच्या मुलीला एकच माप बसत नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या माणसाच्या वेळी होते. पिवळ्या नळीचा ‘ऑक्टोपस’, म्हणजे जास्तीचा सेकंड स्टेज, असतो जोडीदारासाठी. त्याची हवा संपली की तो घाबरलेला असतो, त्याला हाताला धरून वर आणायचे असते. २८ इंचांच्या नळीवर दोघांची डोकी एकमेकांना चिकटतात. म्हणून ऑक्टोपसला ३६ ते ४० इंच देतात. मालवणला पोहताही न येणारे पर्यटक पहिल्यांदा पाण्याखाली जातात, तेव्हा प्रशिक्षक त्यांच्या मागे किंवा वर राहून त्यांना धरून ठेवतो. पाहुण्याच्या रेग्युलेटरने दगा दिला तर प्रशिक्षकाचा ऑक्टोपस त्याच्या तोंडापर्यंत सहज पोचायला हवा. इथे पाच-दहा सेंटिमीटरनेही फरक पडतो.

फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये हा विचार टोकाला नेला गेला. शेक एक्सली यांच्या पिढीच्या गुहा-पाणबुड्यांपुढे अडचण अशी, की अरुंद बोळातून दोघांना शेजारी-शेजारी जाताच येत नाही. मग नळी सात फुटांची, म्हणजे सुमारे २.१ मीटरची. ती उजव्या काखेखालून छातीवर आणि मानेला वळसा घालून तोंडाशी येते. अडचणीत सापडलेल्याला आपल्या तोंडातलाच रेग्युलेटर द्यायचा, कारण तो चालतो याची खात्री त्याच क्षणी असते. आणि स्वतः हनुवटीखाली रबरी दोरीने लटकवलेला, जेमतेम २२-२४ इंची नळीचा दुसरा तोंडात घ्यायचा.

कोकणात सात फुटांची गरज सहसा पडत नाही. काखेखालून घेतलेली ४० इंची नळी, तोंडाजवळ फिरत्या कोपऱ्यासह, इथे पुष्कळांना पुरते. गढूळ पाण्यात तर बाहेर आलेली प्रत्येक कमान धोक्याची: तुटून तळाला राहिलेली जाळी दिसण्याआधी लागते आणि खडकांवरच्या कालवांच्या धारा रबराला सोडत नाहीत. थळचा कोळी डोल जाळे लावताना खोली आणि ओढ पाहून दोर सोडतो. पाणबुड्याने नळीकडे तसेच पाहावे.

दाब दाखवणाऱ्या गेजची नळी वेगळी. तिच्यात सिलिंडरचा पूर्ण दाब असतो, पण तिच्या मुळाशी अगदी बारीक छिद्र ठेवलेले असते, त्यामुळे ती फुटली तरी हवा सावकाश जाते. सिलिंडर झपाट्याने रिकामे होते ते कमी दाबाची नळी फुटली तर. गेज मात्र खडकांवर घासत लोंबकळेल इतके सैल नको.

हल्ली विणीच्या आवरणाच्या लवचिक नळ्या लोकप्रिय आहेत. हलक्या आहेत, खांद्यावर छान वळतात. पण त्यातल्या काहींचे आतले अस्तर उष्ण हवेत विघटित होऊन स्फटिक जमल्याची आणि हवेचा मार्ग तुंबल्याची प्रकरणे ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ने समोर आणली. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. कोकणात जून ते सप्टेंबर सामान बंद खोलीत पडून असते. ऑक्टोबरात पहिल्या बुडीआधी फर्स्ट स्टेजजवळची संरक्षक टोपणे मागे सरकवून खालच्या रबराला चिरा आहेत का ते पाहावे, विणीच्या नळ्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्याव्यात आणि उत्पादकाने दिलेली मुदत, बऱ्याचदा पाच वर्षे, उलटली असल्यास नळी बदलून टाकावी.