कुलूप आणि मुदत



एकाच खतावणीत दोन कारकून एकदम लिहू लागले तर काय होते, हे येथील व्यापारी मंडळींस सांगावयास नको. दोघांनीही शिल्लक वाचली १००. एकाने १० मिळवून ११० मांडले. दुसऱ्याने २० मिळवून, तेच खोडून, १२० मांडले. पहिल्याचे १० बुडाले! संगणकातील फाइलीचेही तसेच होते. म्हणून एक प्रोग्राम लिहीत असता इतरांनी थांबावे, यासाठी फाइलीस कुलूप घालतात. 'एका वेळी एकच' हा प्रश्न अनेक प्रोग्रामांसाठी डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली सोडवून दाखविला.

परंतु थांबावयाचे किती? या अवधीस टाइमआउट, म्हणजे मुदत, म्हणतात. ती फार तोकडी ठेवली तर काम विनाकारण अडते; अमर्याद ठेवली तर कुलूपवाला अडकताच मागची सारी रांग तिष्ठत राहते.

पायथन भाषेत या कामाची तयार साधने आहेत; त्यांस लायब्ररी म्हणतात. 'लॉकफाइल' या जुन्या लायब्ररीत मुदत शून्य अथवा उणे दिली, तर कुलूप दिसताच प्रोग्राम माघारी फिरतो. कायम थांबावयाचे असेल तर तेथे मुदत द्यावयाचीच नाही. 'फाइललॉक' या लायब्ररीत मात्र शून्य म्हणजे एकदाच प्रयत्न, आणि उणे आकडा म्हणजे कायमचे धरणे! काम एकीतून दुसरीत नेताना 'उणे एक' तसाच राहिला, तर रात्री सुरू केलेला हिशेब सकाळीही मुकाट्याने थांबलेला आढळेल. चुकीची सूचना कोठेच येणार नाही.

दुसरी खोच शून्याची. कोरा चेक आणि शून्य रुपयांचा चेक यांस आपण एक मानीत नाही. परंतु पायथनला 'मुदत आहे काय?' असे ढोबळपणे विचारले, तर शून्यासही 'नाही' आणि कोऱ्या जागेसही 'नाही' असेच उत्तर येते. म्हणून 'जागा कोरी आहे काय?' असेच नेमके विचारले पाहिजे. शिवाय मुदत मोजावी ती केवळ पुढेच जाणाऱ्या घड्याळाने. भिंतीवरील घड्याळ कोणी मागे केले तर मुदतही लांबेल.

आणि मुदत सरली तर? कुलूप मिळाले नाही, असे प्रोग्रामाने स्पष्ट सांगावे व थांबावे. कुलपावाचून लिहीत सुटणे सर्वांत घातक. कारण मग आपल्या त्या १० रुपयांचा पत्ता कोणासही लागावयाचा नाही. थांबलेले काम पुन्हा करता येते, हे आम्हांस आपणांपुढे मांडावयाचे होते.